मातीविना पालेभाजी : एक टब, एक जुडी, एक ताट

लोणी काळभोर हे पिकाऊ पट्ट्यातले गाव. एका अंगाला मुळा-मुठा नदी, दुसऱ्या अंगाला मुठेचा कालवा, मधून सोलापूर रस्ता. हवेली तालुक्याच्या या भागात ऊस पिकतो तशी पालेभाजीही पिकते आणि पहाटेच गाड्या भरून मांजरीच्या उपबाजाराकडे, पुण्याकडे जाते. आपल्या वस्तीत मात्र संध्याकाळी हातगाडीवर येते ती दिवसभर फिरून उरलेली, पाणी मारून टवटवीत केलेली जुडी. महिनाअखेर आली की आधी कांदा-बटाटा घेतला जातो आणि पालेभाजी राहून जाते. घरात भाजी थोडी असेल तर ती आधी कर्त्या माणसाच्या आणि मुलांच्या ताटात पडते. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईला कालवण आणि भाकरी उरते.

याचा परिणाम रक्तात दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत तो ५४ वरून ६९ वर गेला. धाप लागणे, चक्कर येणे, कामात जीव नसणे, मुलीचे अभ्यासात लक्ष न लागणे याला आपण 'अशक्तपणा' म्हणतो आणि सोडून देतो. या अशक्तपणाचे एक मोठे कारण ताटात आहे.

म्हणून या वेळी आम्ही आरोग्य पानावर पाण्यावरच्या भाजीचा पाठ घेतला आहे. यालाच हायड्रोपोनिक्स म्हणतात. हा पाठ लिहिताना आम्ही डोळ्यांसमोर ठेवले आहे ते लोणी काळभोरच्या वस्तीतले घर : दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, दारात हातभर जागा, अंगण नाही, माती नाही, आणि नळाला ठरावीक वेळीच पाणी.

आधी हिशेब

मोबाइलवर जाहिराती दिसतात. पांढरे पाइप, निळे दिवे, मोटार, हिरवीगार रोपे, आणि 'घरची सगळी भाजी घरातच' असे आश्वासन. असे संच हजारो रुपयांना मिळतात. कर्ज काढून किंवा बचत गटाचे पैसे घालून असा संच घेऊ नये, असे आम्ही सुरुवातीलाच सांगतो. कारण हिशेब असा आहे.

वीस लिटरच्या एका टबात पालकाचे सहा कप बसतात. चांगली वाढ झाली तर एका कापणीला एक जुडी, म्हणजे निवडून साधारण पाव किलो पाला मिळेल असे धरू. त्याच रोपांची पुढची कापणी पंधरा-वीस दिवसांनी. चार टब पाच-पाच दिवसांच्या अंतराने लावले तर दर पाच दिवसांनी एक जुडी हाती येते. रोजचे झाले सुमारे ५० ग्रॅम.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाच्या रोजच्या आहारात साधारण १०० ग्रॅम हिरवी पालेभाजी असावी असे सांगते. पाच माणसांच्या घराला अर्धा किलो हवा, आणि आपल्या चार टबांतून मिळतो त्याचा दहावा भाग. तेव्हा टबावर घर चालणार नाही, बाजाराची पिशवीही सुटणार नाही.

मग खटाटोप कशासाठी? कारण हे ५० ग्रॅम सगळ्यांत वाटले तर कुणालाच पुरत नाहीत. पण ते एकाच माणसाला दिले, घरातल्या गरोदर सुनेला, वयात आलेल्या मुलीला किंवा रक्त कमी असलेल्या आईला, तर तिच्या रोजच्या गरजेचा निम्मा पाला भागतो. पगार झाला असो वा नसो, तिची मूठभर भाजी पक्की होते. या पाठाचे सार एवढेच आहे. टब लावण्याआधी घरात बसून ठरवा, ही जुडी कुणाच्या ताटात जाणार.

आणखी एक गोष्ट. 'आता शेतीला जमीन लागतच नाही' असे ऐकून कुणी हुरळून जाऊ नये. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीन माणसे जमिनीसाठी तुरुंगात गेली. तो हक्काचा प्रश्न होता आणि आहे. टबातली जुडी हे त्याचे उत्तर नव्हे. ती ताटातल्या एका उणिवेवरचा छोटा उपाय आहे. ज्यांच्या दारात किंवा विहाराच्या आवारात थोडी जरी माती असेल त्यांनी टबाच्या आधी तिथे शेवगा लावावा. शेवग्याचा पाला लोहाने समृद्ध आहे आणि एक झाड अनेक घरांना पुरते. टब हा ज्यांच्याकडे माती नाही त्यांच्यासाठी.

रोप पाण्यावर कसे जगते

मातीत रोप चार गोष्टी घेते : पाणी, हवा, अन्नद्रव्ये आणि उभे राहायला आधार. या चार गोष्टी दुसऱ्या मार्गाने दिल्या तर मातीशिवाय रोप वाढते. जर्मन शास्त्रज्ञांनी हे १८६० च्या सुमारास प्रयोगशाळेत दाखवले. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे गेरिक यांनी १९३० च्या दशकात पाण्यावर मोठाले टोमॅटो वाढवले आणि 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द रूढ केला. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी बंगालमधल्या कालिम्पाँग येथे वाळू, खडी आणि साध्या खतांवर चालणारी स्वस्त पद्धत बसवली. ती 'बंगाल पद्धत' म्हणून जगभर माहीत झाली.

आपल्या कामाची पद्धत हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅटकी यांची. तिला मोटार लागत नाही, वीज लागत नाही. टबात खत विरघळलेले पाणी भरायचे आणि झाकणातल्या भोकात रोपाचा कप बसवायचा. सुरुवातीला कपाचा तळ पाण्याला टेकलेला असतो. रोप पाणी पिते तशी पातळी खाली जाते आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये मोकळी जागा तयार होते. त्या जागेतली मुळे हवा घेतात, खालची मुळे पाणी घेतात. दोन्ही कामे आपोआप होतात.

यातून एक नियम निघतो आणि तो पाठच करावा : पातळी खाली गेली म्हणून टब पुन्हा काठोकाठ भरू नये. हवा घेणारी मुळे बुडाली की ती गुदमरतात आणि भरल्या पाण्यात रोप मान टाकते. पाणी फार कमी झाले तर टब निम्म्यापर्यंतच भरावा.

माशांच्या पाण्यावर भाजी वाढवण्याची पद्धतही आहे, तिला अॅक्वापोनिक्स म्हणतात. माशांच्या विष्ठेतला अमोनिया जिवाणू बदलतात आणि रोपांचे अन्न करतात. हे जिवाणू स्थिरावायला महिना-दीड महिना जातो, पाण्यात हवा सोडणारा पंप रात्रंदिवस चालावा लागतो, आणि वीज बराच वेळ गेली की मासे मरतात. सुरुवात करणाऱ्या घराने त्याच्या नादी लागू नये.

पहिला धडा : पुदिना

टबाआधी एक फुकटचा प्रयोग करा. बाजारातून आणलेल्या पुदिन्याची वीतभर लांब, ताजी काडी घ्या. खालची पाने काढा आणि पेराच्या जरा खाली कापून पाण्याच्या बाटलीत ठेवा. बाटलीला बाहेरून कागद गुंडाळा आणि तोंडाशी कापडाचा बोळा बसवा, म्हणजे डास शिरणार नाही. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरी मुळे फुटतील. हे काम मुलांकडे द्या. रोप पाण्यावर जगते हे घरातल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले की पुढचे समजावावे लागत नाही.

कोणती भाजी, कोणत्या दिवसांत

पालक : सर्वांत सोपा आणि पुन्हा पुन्हा कापता येणारा. 'ऑल ग्रीन' किंवा 'पुसा ज्योती' हे वाण मागा. लावल्यापासून महिना-सव्वा महिन्यात पहिली कापणी. दिवाळी ते होळी हा उत्तम काळ.

मेथी : थंडीत चांगली येते. घरातले मेथीदाणेही चालतात. पंचवीस-तीस दिवसांत तयार, पण एकदाच मिळते. १०० ग्रॅम मेथीत साधारण साडेपाच मिलिग्रॅम लोह असते, पालकात साधारण तीन.

लाल माठ आणि राजगिरा : उन्हाळ्यात पालक दमतो तेव्हा हे जोमाने वाढतात.

नाळीची भाजी : मुळातच पाणथळ जागेतली वनस्पती, त्यामुळे टबात फार खूश. उन्हाळा-पावसाळा दोन्हीला चालते. काडी लावली तरी फुटते.

कोथिंबीर : धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करून पेरावेत. एप्रिल-मे सोडून इतर वेळी.

टोमॅटो, वांगी, मिरची यांना जास्त ऊन, जास्त पाणी आणि आधार लागतो. पहिल्या वर्षी त्यांच्या मागे लागू नये.

दुकानातले बी लाल-गुलाबी रंगाचे असेल तर त्याला औषध चोळलेले असते. ते खाऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये, पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

साहित्य

१. वीस लिटरचा, झाकण बसणारा प्लास्टिकचा टब, किंवा फळांचा थर्माकोलचा स्वच्छ खोका आणि आत जाड प्लास्टिक.

२. सहा छोटे प्लास्टिकचे कप, तळाला आणि बाजूला भोके पाडलेले.

३. कोकोपीट, किंवा नारळाच्या शेंडीचा काथ्या दोन-तीन दिवस भिजवून, पाणी बदलत धुतलेला. स्पंजचे तुकडेही चालतात.

४. बी, खत, आणि मापासाठी लिटरची बाटली.

डबा कोणता नको हे जास्त महत्त्वाचे. लोणीत इंधनाचे मोठे डेपो आहेत, भंगारात डबे स्वस्त मिळतात. पण इंधन, ऑइल, रंग, फिनेल, अॅसिड किंवा कीटकनाशक ज्यात होते असा कोणताही डबा कितीही घासला तरी भाजीला वापरू नये. पत्र्याचा डबा गंजतो, तोही नको.

पाणी कोणते

पिण्याच्या नळाचे पाणी घ्या. क्लोरीनचा वास येत असेल तर कापड झाकून रात्रभर ठेवा.

नदीचे पाणी घेऊ नका. पुणे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेत येते आणि नदी आपल्या शिवाराजवळून वाहते. बेबी कालव्याचेही घेऊ नका. त्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीसाठी सोडले जाते. सांडपाण्यातून रोगजंतू पानांवर येऊ शकतात, आणि जड धातू पालेभाज्या मुळांवाटे शोषून घेतात. आपण टब लावतो ते आपल्या पाण्यावर आपला ताबा असावा म्हणून. तिथे हेच पाणी भरले तर सगळे व्यर्थ.

आरओ यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी खारट असते, तेही नको. बोअरचे पाणी जड असेल, भांड्यावर पांढरे डाग पडत असतील, तर त्यात निम्मे पावसाचे किंवा नळाचे पाणी मिसळा.

कृती

१. बी रात्रभर भिजवा. ओल्या कोकोपीटने भरलेल्या कपात पालकाचे तीन-चार दाणे अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. सावलीत ठेवा, वरून पाणी शिंपडत राहा. कोंब दिसताच उजेडात आणा.

२. टबाच्या झाकणाला कपाच्या मापाची सहा भोके पाडा. कप काठावर अडकला पाहिजे, आत पडता कामा नये आणि बाजूने फटही राहता कामा नये.

३. टबाला बाहेरून आधी काळा रंग किंवा जाड काळा कागद लावा आणि त्यावर पांढरा चुना किंवा पांढरा कागद. काळ्यामुळे उजेड आत जात नाही आणि शेवाळ धरत नाही. पांढऱ्यामुळे पाणी तापत नाही.

४. रोपाला चार पाने आली, म्हणजे साधारण दोन आठवडे झाले की टबात खताचे पाणी भरा. कपाचा तळ एक सेंटिमीटर बुडेल एवढेच. पहिला आठवडा निम्म्या तीव्रतेचे पाणी द्या.

५. टब जमिनीवर, दोन विटांवर, सकाळचे चार-पाच तास ऊन येईल असा ठेवा. भरलेला टब वीस किलोच्या वर जातो. छपराच्या पत्र्यावर तो कधीही ठेवू नका. पत्रा वाकेल, शिवाय उन्हात मुळे उकडतील. एप्रिल-मे मध्ये दुपारी जुन्या साडीची सावली करा.

६. पावसाळ्यात पागोळीखाली टब ठेवू नका. पावसाचे पाणी शिरले की खत पातळ होते आणि मुळे बुडतात.

७. कापताना मधला कोंब राखून बाहेरची पाने घ्या. कापणीनंतर जुने पाणी ओतून टब घासा आणि नवे खताचे पाणी भरा. पण आता मुळे लांब आहेत, म्हणून निम्म्यापर्यंतच. ओतलेले पाणी गटारात घालवू नका. विहाराच्या आवारातल्या झाडाला घाला.

खत : पाच घरांनी मिळून

युरिया, डीएपी, शेणाचे पाणी टबात घालू नये. मातीतले जिवाणू त्यांचे रूपांतर करतात म्हणून ती शेतात चालतात. टबात ते जिवाणू पुरेसे नसतात, पाणी नासते.

एकट्या घराने सुरुवात करायची तर हायड्रोपोनिक्सचे 'ए' आणि 'बी' असे दोन भागांचे तयार खत घ्यावे आणि पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात वापरावे. पण पाच घरे एकत्र आली तर स्वस्त वाट आहे. ठिबकवाले शेतकरी वापरतात तीच विद्राव्य खते कृषी सेवा केंद्रात मिळतात. पाच घरांच्या एकेका टबासाठी, म्हणजे १०० लिटर पाण्याला प्रमाण असे :

कॅल्शियम नायट्रेट : ८० ग्रॅम
तेरा-शून्य-पंचेचाळीस (१३:०:४५) : ३० ग्रॅम
शून्य-बावन्न-चौतीस (०:५२:३४) : १५ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट : ४० ग्रॅम
चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण : पाकिटावरील प्रमाणात

कॅल्शियम नायट्रेट एका बादलीत वेगळे विरघळवा, बाकी सगळे दुसऱ्या बादलीत. मग एक-एक करून भरपूर पाण्यात ओता. कोरडी किंवा घट्ट द्रावणे एकत्र केली तर पांढरा गाळ बसतो आणि तो रोपाला मिळत नाही. कॅल्शियम नायट्रेटचे एक किलोचे पाकीट बारा वेळा पुरते, बाकीची त्याहून जास्त. म्हणूनच हे काम एकट्याचे नाही, गटाचे आहे. एक छोटा डिजिटल काटा आणि पीएच तपासायचे थेंबांचे एक किट पाच घरांत मिळून पुरते. पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहा असावा. जास्त असेल तर लिंबाचा रस थेंबथेंब घालून पुन्हा तपासा. लिंबाचा परिणाम टिकत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांनी परत पाहा.

दोन धोके

पहिला धोका डासांचा. डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. उघडा टब म्हणजे वस्तीत डेंग्यूला आवतण. म्हणून झाकण घट्ट, कपाभोवती फट नाही, आणि जिथे शंका वाटेल तिथे मच्छरदाणीच्या कापडाची पट्टी. आठवड्याच्या कोरड्या दिवशी घरातले हंडे-पिंप घासाल तेव्हा टबाचे झाकण उचलून बॅटरीने आत पाहा. वळवळणारी अळी दिसली तर दया दाखवू नका. सगळे पाणी जमिनीवर ओता, टब काठापर्यंत घासा आणि नवे पाणी भरा. घासणे आवश्यकच, कारण एडिसची अंडी काठाला चिकटून कोरडीही महिनोन्महिने टिकतात. ज्या घराला आठवड्याला पाच मिनिटे देणे शक्य नाही, त्या घराने टब लावू नये.

दुसरा धोका खताचा. ही खते मीठ-साखरेसारखी पांढरी दिसतात. ती स्वयंपाकघरात ठेवू नका. मूळ पाकिटात, वर नाव लिहून, उंचावर कुलपात ठेवा. खताचे पाणी कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. नायट्रेट पोटात गेले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. कुणी चुकून प्यायले तर घरगुती उपाय करत बसू नका. पाकीट हातात घेऊन लगेच दवाखाना गाठा.

जुडी ताटात येताना

पालेभाजी दोन-तीन पाण्यांत धुवा आणि मग चिरा. शिजवलेले पाणी फेकू नका. जमेल तेव्हा लोखंडी कढई वापरा. तिच्यातले थोडे लोह भाजीत उतरते. जेवताना लिंबू पिळा, कारण पाल्यातले लोह शरीराला सहज लागू पडत नाही, 'क' जीवनसत्त्व सोबत असले तर जास्त लागू पडते. जेवणाला लागून चहा घेतला तर उलटे होते. चहा तासभर पुढे ढकला. पालक-चण्याची डाळ, मेथी-मूग, माठ आणि शेंगदाण्याचे कूट हे आपल्या घरचेच चांगले मेळ आहेत.

मात्र पाला औषधाची जागा घेत नाही. मोठ्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते. ५० ग्रॅम मेथीतून मिळते तीनच्या आत. पाल्यातून फोलेट, 'अ' आणि 'क' जीवनसत्त्व मिळते हा मोठा लाभ आहे. पण रक्त एकदा कमी झाले की ते भरून काढायला गोळ्या लागतातच. 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस रोज एक लोह-फॉलिक अॅसिडची गोळी मोफत मिळते. १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी असते. आशाताई, अंगणवाडी, शाळा, गावातले प्राथमिक आरोग्य केंद्र इथे ती मागून घ्या. गोळीने शौचास काळे होते, मळमळते. घाबरू नका, जेवणानंतर घ्या, पण मधेच सोडू नका.

हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचे १२ च्या खाली, गरोदर बाईचे किंवा पाच वर्षांखालील बालकाचे ११ च्या खाली असेल तर ते कमी आहे. ७ च्या खाली गेले तर गोळीवर भागत नाही, डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. रक्त कमी होण्यामागे जंत, अंगावरून जास्त जाणे, सिकलसेल, थॅलेसेमिया अशीही कारणे असतात. ती तपासणीशिवाय कळत नाहीत. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी पालक रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

वही ठेवा

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. शास्त्र प्रयोगशाळेत बंद नसते, साधा माणूसही स्वतः करून, मोजून, नोंदवून ज्ञान निर्माण करतो, हा त्याचा पाया होता. आपणही तेच करायचे आहे. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती एक वही द्या. पेरले कधी, टबात लावले कधी, पाणी किती घातले, कापले कधी, किती ग्रॅम निघाले, अळी दिसली का, एवढेच लिहायचे. आणि शेवटचा रकाना महत्त्वाचा : आजची भाजी कुणी खाल्ली. तीन महिन्यांनी हा रकाना वाचला की घराला स्वतःबद्दल बरेच कळेल.

या महिन्याचे काम

पहिल्या आठवड्यात पुदिन्याची काडी बाटलीत ठेवा आणि घरातल्या प्रत्येक बाईचे व मुलीचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. दुसऱ्या आठवड्यात रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास थांबून पाच घरांचा गट करा. काटा कोण ठेवणार, खत कुणाच्या घरी कुलपात राहणार, कोरड्या दिवशी टब कोण तपासणार हे नावानिशी ठरवा. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक घरी एकच टब लावा. चार एकदम नको. पहिल्या टबातली पहिली जुडी निघाली, अळी झाली नाही, आणि ती भाजी ठरवलेल्या ताटातच गेली, तर दुसरा टब लावा. बी आणि लागवडीबद्दल अडले तर बारामती किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येते.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. आकडा वाढला तर त्याचे श्रेय गोळीला आणि भाजीला मिळून द्या. वाढला नाही तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कारण शोधायला त्यांना तीच वही उपयोगी पडेल.